चरबी नसलेला तुकडा

सेरोवे, ७ मे १९९४

दितिरो मामा,

कॉलेज सोडलं. आईला तुम्हीच सांगा, तुमची बहीण आहे. मी सांगितलं तर चुलीतलं जळतं लाकूड घेऊन मागे लागेल.

तुमचं पत्र मला वर्गातच मिळालं. मांसाचं प्रात्यक्षिक चाललं होतं. मास्तरांनी टेबलावर बैलाची मागची तंगडी टाकली, मांडीच्या आतल्या बाजूचा लालभडक तुकडा कापून वर धरला आणि म्हणाले, "पोरांनो, स्टेक खायचा तर हा. शंभर ग्रॅमला बावीस ग्रॅम प्रथिनं, चरबी चार ग्रॅमच्या आत, वर लोह, जस्त, बी-बारा. पोषणाच्या हिशेबात याच्यासारखा तुकडा नाही." सगळे लिहून घेत होते. मी तुमचं पत्र वाचत होतो. सेलेलोच्या अंगणात तुमच्यापुढे ठेवलेला तुकडा हाच, मामा! तुम्ही माझ्यासाठी ओनालेनाला मागायला गेलात. बरोबरच्या म्हाताऱ्यांच्या ताटात वशिंडाचं मांस, चरबी ओघळतेय, आणि मुलाच्या मामाच्या ताटात चपलेच्या तळव्यासारखं कोरडं लाल मांस. तुम्ही उठलात. बरं केलंत. मागणी घालायला गेलेला मामा ताटावरून उठला की बोलणी मोडली, हे मला कोणी शिकवायला नको.

मी सुरी टेबलावर ठेवली आणि चालू पडलो. मास्तर ओरडले, "मोआगी, कुठे?" मी म्हणालो, "जेवायला."

कॉलेज म्हणतं सगळ्यात पौष्टिक. असेल. पण आपल्याकडे पाहुण्याला पौष्टिक कोण वाढतं? पाहुण्याला चरबी वाढतात. चरबी म्हणजे मान. सेलेलोने चारचौघांत सांगितलं की दितिरोच्या भाच्याची किंमत एवढीच, बिनचरबीची.

आता मी खुमोच्या मटणाच्या दुकानात कामाला लागलोय. ओनालेना रोज समोरून दवाखान्यात जाते. लोकांची वजनं करते, काय खावं ते सांगते. माझ्याकडे बघत नाही. मीही बघत नाही. म्हणजे ती बघत नाही हे कळेल इतकंच बघतो. काल बस स्टँडवर तिचा बाप भेटला. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "सेलेलोकाका, चरबी पुरवून पुरवून खाताय ना? थडग्यात बरोबर घेऊन जा!" बाप नुसता बघत राहिला. 

मी हे विसरणार नाही. तुम्हीही विसरू नका.

तुमचा
मोआगी

---

गुरांचा तळ, २१ मे

भाच्या,

मोलेफीचा ट्रक पाण्याच्या पंपाचं डिझेल घेऊन आला, त्यात तुझं पत्र. कॉलेज सोडलंस ते वाईट. बस स्टँडवर ओरडलास ते चांगलं.

आईला मोलेफीकडून कळवलंय. लाकूड तयार आहे म्हणाली.

तुझ्या मास्तरांच्या ग्रॅमा मला सांगू नकोस. मी मांस डोळ्यांनी मोजतो. ताट विसरायचं नाही. मी कुठे विसरलोय? आता माझा हात कापतो, अक्षर सांभाळून वाच. मे संपत आला, थंडी पडलीये.

दितिरो मामा

---

सेरोवे, ११ जून

मामा,

फ्रान्सिसटाउनहून पाहुणे आले होते. फेन्यो नावाचा कोणी सरकारी कारकून आहे. बूट असे चमकवतो की त्यात स्वतःचं तोंड बघत चालतो. त्याचे मामा ओनालेनाला मागायला आले, जेवले, हात धुतले, ढेकर दिली, आणि बोलणी ठरली. त्यांच्या ताटांत काय होतं ते मला सांगू नका. मला माहीत आहे, कारण वशिंड आमच्याच दुकानातून गेलं. मीच कापलं. सुरी हातात असताना मी किती भला माणूस आहे हे मला त्या दिवशी कळलं.

ओनालेना नाही म्हणाली नाही.  बापाची लेक! मीच मूर्ख, तिच्यासाठी कॉलेजच्या कुंपणावरून घरी जाणाऱ्या रेल्वेगाड्या मोजत बसायचो.

एक सांगा. लोक इथे नाना तऱ्हेने बोलतात. त्या दिवशी ताट ठेवताना सेलेलो नेमकं काय म्हणाला? शब्द न् शब्द हवाय मला. ज्या दिवशी त्याला परत करीन, त्या दिवशी तेच शब्द परत करायचेत.

मोआगी

---

गुरांचा तळ, २ जुलै

भाच्या,

शब्द कशाला हवेत? ताटच बोललं.

तो कारकून आला तर येऊ दे. बोगादीची, म्हणजे नवरीच्या मोलाची, गुरं घेऊन त्याची माणसं ऑगस्टात येतील, तेव्हा वस्तीतल्या सगळ्या पुरुषांना मांस शिजवायला बोलवावं लागेल. तू त्याच वस्तीतला. सेलेलोला तुला टाळता येणार नाही. सुरी तुझ्या हातात, वाढणं तुझ्या हातात. मी जास्त काही सांगत नाही. माणसाला उपाशी ठेवायचं तर घरात ठेवू नये, चारचौघांत ठेवावं.

मोलेफीकडे डोकेदुखीच्या गोळ्या दे. जास्त दे. मागच्या टेकाडावर जाणं मी सोडलंय. गुरं शहाणी झालीत, आपली आपण येतात.

मामा

---

सेरोवे, ९ ऑगस्ट

मामा,

झालं. पण कसं झालं ते ऐका, कारण मला काहीच कळेनासं झालंय.

गुरं आली, बायकांनी ओरडून ओरडून कान किटवले. एक बैल कापला. मी मांडीची आतली बाजू आधीच वेगळी काढून ठेवली होती. तिच्यावरचा पांढरा पापुद्रासुद्धा सोलला, मामा, एक धागा ठेवला नाही. निखाऱ्यावर नुसता भाजला. फेन्योचे मामे रांगेत बसले होते, त्यांच्या ताटांत वशिंड, बरगड्या, कुटलेलं मांस. सगळ्यांच्या बोटांवरून चरबी ओघळत होती. मग मी सेलेलोपुढे गेलो, सगळं अंगण बघतंय, आणि त्याच्यापुढे तो कोरडा तुकडा ठेवला. ताट खाली ठेवताना मुद्दाम आवाज केला.

म्हणालो, "काका, ओळखलंत का?"

त्याने तुकडा उलटा केला, सुलटा केला. मला वाटलं, आता उठेल. मी तर वाटच बघत होतो. आणि म्हातारा हसला! शेजाऱ्याला कोपर मारून म्हणाला, "हे बघ रे! पोरगं शहाणं आहे. माझी ओनालेना मला हेच घालते. छातीत दुखायला लागल्यापासून घरात दुसरं काही मिळत नाही. म्हणते, रक्त वाढेल आणि चरबी वाढणार नाही. आज म्हटलं, पोरीच्या आनंदाच्या दिवशी तरी वशिंड मिळेल, तर इथेही माझ्या नशिबी पथ्यच!" सगळे खो खो हसले. एक जण म्हणाला, "सेलेलो, तू असाच वाळत जाणार! जावई मात्र गुबगुबीत होईल!" आणि म्हाताऱ्याने तो तुकडा सगळा खाल्ला. बोटं चाटली. मला म्हणाला, "मोआगी, बेटा, तू चांगला कापतोस. तू माझ्यावर का चिडलास ते मला अजून कळलेलं नाही. तुझा मामा माझ्या लेकीच्या हातचं ताट लाथाडून गेला, आणि स्टँडवर शिव्या मात्र मी खाल्ल्या."

लेकीच्या हातचं? मामा, तुम्ही तर लिहिलं होतं सेलेलोने वाढलं.

मी मागे वळलो तर ओनालेना स्वयंपाकाच्या छपराखाली उभी. हातातली कळशी तशीच. माझ्याकडे बघत होती. पहिल्यांदाच.

लवकर लिहा.

मोआगी

---

सेरोवे, १२ ऑगस्ट

मोआगी,

तू त्या दिवशी माझ्या वडिलांपुढे जे ताट आपटलंस, ते कशाचं उत्तर होतं ते मला त्याच क्षणी कळलं. त्याआधी नाही कळलं. मी मूर्ख आहे, तू माझ्याहून मूर्ख आहेस.

तुझ्या मामाचं ते ताट मी वाढलं होतं. वडिलांच्या वाटणीचा तुकडा मी तुझ्या मामाला दिला. का, ते ऐक. बोलणीच्या आधी तुझा मामा दवाखान्याच्या रांगेत पडला. तोंड राखेसारखं झालं होतं. डॉक्टरांनी तपासलं. रक्त कमी, आणि हृदयाच्या नळ्यांत चरबी. मीच त्याचं वजन केलं, मीच त्याला सांगितलं, "मामा, वशिंड बंद, बरगडी बंद, कुटलेल्या मांसावरची पातळ चरबी बंद. मांडीचा बिनचरबीचा तुकडा खा, भाजून खा. रक्ताला तोच बरा." त्याने माझा हात धरला आणि माझ्याकडून शपथ घेतली की हे तुला सांगायचं नाही. मी शपथ घेतली. माझ्या होणाऱ्या मामेसासऱ्याने मागितली होती ती.

त्या दिवशी ताट ठेवताना मी वाकून त्याच्या कानात म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितलेलंच आहे, निवांत खा." त्याने ऐकलं, मोआगी. मान हलवली. मग शेजारच्या म्हाताऱ्याने त्याच्या ताटात डोकावून विचारलं, "दितिरो, तुझ्यात चरबी कशी नाही रे? दुखणंबिखणं लागलंय की काय?" आणि तो उठला.

मी वाट बघितली. मुलीकडचे उठून परत बोलवायला जात नाहीत, मुलाच्या मामानेच परत यायचं असतं. तो आला नाही. तू आलास, पण बस स्टँडवर, शिव्या द्यायला.

ओनालेना

---

सेरोवे, १२ ऑगस्ट, दुपार

ओनालेना,

लग्न थांबव. मी मामाला ओढून आणतो. त्याच अंगणात बसवतो. फेन्योची गुरं मी हाकत फ्रान्सिसटाउनला नेऊन देतो, त्यातलं एकही वाटेत खाणार नाही. तू फक्त हो म्हण.

मोआगी

---

सेरोवे, १३ ऑगस्ट

मोआगी,

नाही.

फेन्योचे मामे दोनदा जेवून गेले, दोन्ही वेळा ताटात काय आहे ते न बघता. फेन्यो मला विचारतो, दवाखान्यात आज काय झालं. तू दुकानातून रोज मला जाताना बघायचास. रस्ता ओलांडून एकदा विचारायचं होतंस, "ओनालेना, त्या दिवशी काय झालं?" मी शपथ मोडली असती. मोडायला तयार बसले होते. तू रस्ता ओलांडला नाहीस, कारण तुला उत्तर नको होतं, तुला वैर हवं होतं.

आता लिहू नकोस.

ओनालेना

---

सेरोवे, २० ऑगस्ट

दितिरो मामा,

"आदरणीय" वगैरे लिहायला घेतलं होतं, खोडलं.

तुमचं दुखणं डोक्याचं नाही. थंडीने तुमचा हात कापत नाही. टेकाडावर तुम्ही चढत नाही कारण चढू शकत नाही. मला सगळं कळलं, तुमच्याकडून नाही.

तिने तुमचा जीव वाचवायला बापाच्या ताटातला तुकडा तुमच्या ताटात ठेवला, आणि तुम्ही तो उचलून माझ्या तोंडावर फेकलात! "ताटच बोललं." ताट बोललं होतं, मामा. ताट म्हणालं होतं, जगा. तुम्ही मला उलटं सांगितलंत. मी तुमच्यावर विश्वास ठेवून कॉलेज सोडलं, एका भल्या म्हाताऱ्याला थडग्यात जा म्हणालो, आणि जी मुलगी रोज माझ्या दुकानावरून मान खाली घालून जात होती तिला बापाची लेक म्हणालो. आणि तुम्ही तिकडे तळावर बसून आगीत लाकूड सारत होतात. चारचौघांत उपाशी ठेव म्हणे!

आता मी तुमच्यावर चिडलोय. सेलेलोवर मी जो राग काढला ना, तो पोरखेळ होता.

लग्नाला या. सप्टेंबरअखेर, स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत आहे. न आलात तर मी तळावर येईन, आणि मी एकटा येणार नाही. चावडीवरचे सगळे म्हातारे घेऊन येईन आणि त्यांच्यासमोर हे पत्र मोठ्याने वाचीन.

मोआगी

---

गुरांचा तळ, ६ सप्टेंबर

मोआगी,

पोरीने शपथ मोडली. बायकांचं असंच.

ऐकून घे. आजारी माणसाच्या शब्दावर कोण मुलगी देतं? लोक म्हणाले असते, दितिरो चाललाय, बहिणीच्या पोराच्या पाठीशी उद्या कोण उभं राहणार? मागणी घालायला गेलेला मामा खांबासारखा दिसायला हवा. मी तो बिनचरबीचा तुकडा तोंडात घातला असता तर सगळ्या अंगणाला कळलं असतं की हा दवाखान्याच्या सांगण्यावर जगतोय. त्यातही त्या पोरीच्या सांगण्यावर. मी काय बोललो असतो? मग उठलो. उठल्यावर काहीतरी सांगावं लागतं. सेलेलोचं नाव तोंडात आलं.

मला वाटलं होतं तू आठ दिवस ओरडशील आणि गप्प बसशील. तू कॉलेजच सोडलंस. मग परत मागे कसं यायचं ते मला दिसेना.

लग्नाला मी येत नाही. ट्रकच्या धक्क्यांनी छातीत दुखतं.

मामा

---

सेरोवे, १५ सप्टेंबर

मामा,

खोटं बोलताना दुखत नव्हतं वाटतं.

मोलेफीला सांगितलंय. तुम्हाला पुढे बसवील, खाली पोतं घालील, हळू चालवील. तुम्ही नाही म्हणालात तरी उचलून आणील, तो तुमच्याहून जाड आहे. रविवारी निघायचंय. तुमचा कोट आईने धुतलाय. लाकूड तिने अजून टाकलेलं नाही, आता ते तुमच्यासाठी आहे.

मोआगी

---

गुरांचा तळ, ८ ऑक्टोबर

मोआगी,

लग्नाच्या जेवणानंतर तू माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस म्हणून लिहितोय. नाहीतर मला लिहायची हौस नाही.

तू मला त्याच जागी बसवलंस. मोरुलाच्या झाडाखाली, त्याच खुर्चीवर, एक पाय आखूड असलेल्या. शेजारी तोच म्हातारा बसवलास, डोकावणारा. तू मुद्दाम बसवलास, मला कळतं. सगळ्यांच्या ताटांत वशिंड. मग तू आलास आणि माझ्यापुढे तो तुकडा ठेवलास. मोठ्याने म्हणालास, "हे दितिरो मामाचं ताट आहे. मामाचं रक्त कमी आहे आणि हृदयात चरबी आहे. याच अंगणात, याच ताटावरून मामा उठला होता. हे वाढलं होतं नवरी मुलीने, तिच्या बापाने नाही. सेलेलोकाकांना मी शिव्या दिल्या त्या माझ्या आहेत, त्या मी परत घेतो. मामाच्या ज्या आहेत त्या मामा बघेल."

अंगणातल्या बायका गायच्या थांबल्या. मला वाटलं, इथेच जमीन फाटावी. सेलेलो माझ्याकडे बघत होता. ती पोरगी पांढऱ्या कपड्यांत दारात उभी होती. तिचा कारकून तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटला, तिने त्याला गप्प केलं. तिला बघायचं होतं.

मी कोट घातलेला, उन्हात, सगळी वस्ती बघतेय. उठावंसं वाटलं. पायांत जोर नव्हता असं मी सांगू शकलो असतो, पण पायांत जोर होता. मी तुकडा उचलला. चावायला वेळ लागला, माझे दात तसे राहिले नाहीत. शेवटपर्यंत खाल्ला. मग मीच हाक मारून म्हणालो, "सेलेलो, तुझ्या लेकीचं ताट मी लाथाडलं. माझ्या भाच्याला मी खोटं सांगितलं." सेलेलो म्हणाला, "दितिरो, आपण दोघे आता एकाच चवीचं खाणारे." लोक हसले. माझ्यावर हसले. हसू दे.

मी उठलो नाही, मोआगी. एवढंच सांगायचं होतं.

आता झालं का तुझं?

मामा

---

सेरोवे, १५ ऑक्टोबर

मामा,

नाही. झालं नाही.

ओनालेना फ्रान्सिसटाउनला गेली. जाताना बसच्या खिडकीतून दुकानाकडे बघितलं. मी या वेळी रस्ता ओलांडला. पण बस निघाली होती. धुळीत उभा राहिलो, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघितलं, बघू दे. हे तुमच्या खात्यात.

आता नीट वाचा. आपल्या घरात बैल कापला की डोकं मामाचं, हे आजोबांच्या आजोबांपासून चालत आलंय. यापुढे माझ्या घरात कापलेल्या कुठल्याही बैलाचं डोकं तुम्हाला मिळणार नाही. बारसं असो, मर्तिक असो, कधी झालंच तर माझं लग्न असो. तुमच्या ताटात मांडीचा आतला तुकडा येईल, पापुद्रा सोललेला, भाजलेला, आणि मी दरवेळी तो सगळ्यांसमोर ठेवीन. पाहुण्यांनी विचारलं तर का ते सांगीन. नवीन पाहुण्यांना नव्याने सांगीन.

मोलेफीबरोबर मांसाचं पुडकं पाठवलंय. तोच तुकडा, वाळवलेला, मीठ अगदी बेताचं. हृदयाची खरी गोळीही पाठवलीये, दवाखान्यातून मीच आणली, ओनालेनाच्या जागी आता एक चष्मेवाला बसतो. पुडकं दर ट्रकला येईल. मोलेफीला सांगितलंय, तुम्ही समोर बसून खाईपर्यंत डिझेल उतरवायचं नाही. गुरं तहानलेली राहतील, तुम्ही ठरवा.

शंभर ग्रॅमला बावीस ग्रॅम प्रथिनं आहेत, मामा. लोह आहे, जस्त आहे. रक्त वाढेल. टेकाडावर परत चढाल. प्रत्येक घास चावताना तुम्हाला ते अंगण आठवेल आणि ती पोरगी वाकून कानात काय म्हणाली ते आठवेल. म्हणून जगा. खूप वर्षं जगा.

मला काही घाई नाही.

तुमचा भाचा
मोआगी